चिंचेखालची हजेरी

परभणीकराला उरूस म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. फेब्रुवारी लागला की सगळ्या गावाची पावले तुराबुल हकबाबांच्या दर्ग्याकडे वळतात. पाळणे लागतात, मिठाईची दुकाने थाटली जातात, खेड्यापाड्यांतून माणसे येतात, आणि कोण कोणत्या धर्माचा हे त्या गर्दीत कोणी विचारत नाही. उरूस या शब्दाचा मूळ अर्थ लग्नसोहळा. संताचे देहावसान म्हणजे परमेश्वराशी त्याचे मीलन, म्हणून पुण्यतिथी शोकात न घालवता सोहळ्याने साजरी करायची. आपल्याकडे वारकऱ्यांच्या समाधिसोहळ्यामागेही हीच जाणीव आहे. गंगाखेडच्या जनाबाईच्या मुलखातल्या माणसाला ती परकी वाटायचे कारण नाही.

हे सगळे मिरजेच्या उरुसातही आहे, आणि तिथे एक गोष्ट जास्तीची आहे. ख्वाजा शमना मीरा, लोकांच्या तोंडी मिरासाहेब, यांच्या दर्ग्याच्या आवारात उरुसाच्या दिवसांत तंबोरे लागतात. चिंचेच्या झाडाखाली बैठक बसते. गवई येतात, गातात, आणि त्या गाण्याला कार्यक्रम असे न म्हणता 'हजेरी' म्हणतात. महाराष्ट्रात गाण्याचे उत्सव पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या अनेकांचे मूळ शोधत गेलो तर वाट या चिंचेपाशी येते. ती हकिगत सांगायची आहे.

परभणी स्थानकातून नागपूर-कोल्हापूर गाडी जाते. गंगाखेड, परळी, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत ती मिरजेला पोचते. लातूर ते मिरज हा तिचा रस्ता मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा, अरुंद रुळांचा. 1927 साली हे रूळ मिरजेपर्यंत गेले. मिरज त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान होते आणि गाण्याच्या दृष्टीने भरभराटीत होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहून शिष्य घडवून गेले होते. फटाक्याने डोळे अधू झालेला कुरुंदवाडचा एक मुलगा उपचारासाठी मिरजेत आला आणि बुवांच्या पायाशी गाणे शिकला; तोच पुढे लाहोरात 1901 साली गांधर्व महाविद्यालय काढणारा विष्णु दिगंबर पलुसकर. बालगंधर्वांची शकुंतला रंगमंचावर प्रथम उभी राहिली तीही 1905 मध्ये मिरजेतच. अशा गावात एक पाहुणा गवई येऊन राहिला होता. तो मूळचा उत्तरेतला, पण गाव सांगताना मिरजच सांगावे इतका तो इथला झाला.

हा गवई म्हणजे अब्दुल करीम खाँ. ते 1872 साली कैराना इथे जन्मले. मुझफ्फरनगरजवळचे हे गाव, आणि त्याच्याच नावाने किराणा घराणे ओळखले जाते. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक म्हणून राहिले. तिथे सरदार माने यांच्या घराण्यातील ताराबाई त्यांच्याकडे शिकल्या, दोघांची मने जुळली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी बडोदे सोडले. दरबारची नोकरी, मानमरातब, सगळे मागे टाकून. मुंबई, मिरज, पुणे, बेळगाव असा संसार फिरत राहिला. मिरजेत सांगितली जाणारी कथा अशी की खाँसाहेब इथे प्लेगने आजारी पडले, मिरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याची मला गरज वाटत नाही. तिच्यातून एवढे नक्की कळते की या गवयाचे दर्ग्याशी नाते कसे होते: तो तिथे ऋण फेडायला गात असे. उरुसात गायचे ते देणे म्हणून, हा पायंडा त्याच भावनेतून पडला.

खाँसाहेबांचे गाणे कसे होते हे आजही ऐकता येते, कारण तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या उरल्या आहेत. बारीक, कमावलेला, सरळ टोकदार सूर. तानेच्या आतषबाजीपेक्षा एका सुरावर थांबून त्याच्या पोटात शिरण्याची ओढ. ऐकणाऱ्याला वाटते की हा माणूस मोठ्या सभेसाठी गातच नाही. समोर चार माणसे आहेत, शेजारी तंबोरा आहे, आणि त्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप उमटतो त्याची हा वाट पाहतो आहे. युरोपात राजवाड्यांच्या दालनांत चार-पाच वादकांनी वाजवायच्या संगीताची निराळी परंपरा आहे, तिचे निराळे उत्सव भरतात. आपल्याकडे त्या जागी बैठक आहे. फरक इतकाच की तिथले संगीत कागदावर लिहिलेले असते, आणि बैठकीत ऐकणाऱ्याच्या 'वाहवा'ने आणि त्याच्या गप्प राहण्यानेसुद्धा गाणे वळण घेते. श्रोता दहा हातांच्या आत असला तरच हे घडते. खाँसाहेबांचे गाणे या अंतराचे होते.

तंबोरा त्यांचा प्राण होता. तो जुळवण्यात ते तासन् तास घालवत, आणि वाद्य बिघडले तर स्वतः दुरुस्त करत. मिरजेसारखे गाव त्यासाठी दुसरे मिळाले नसते. इथले शिकलगार मूळचे शस्त्रे घडवणारे, तलवारींना धार लावणारे. राज्ये गेली, तलवारींची मागणी संपली, आणि 1850 च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी पटवर्धनांच्या आश्रयाने तंतुवाद्ये घडवायला घेतली. ज्या हातांना पोलादाची धार कळत होती त्यांना तारेची जवारी कळायला वेळ लागला नाही. भीमेकाठी, पंढरपूरच्या आसपास पिकवलेले जाड सालीचे कडू भोपळे वाळवून तंबोऱ्याला लावले जातात. दांडी, तबली, खुंट्या, घोडी, मणी, यांतले एकेक काम वर्षानुवर्षांच्या सरावाचे. जवारी काढणे हे शेवटचे आणि सर्वांत नाजूक: घोडीचा पृष्ठभाग कानसेने इतका हलका घासायचा की तार तिच्यावर नुसती टेकून राहावी आणि छेडल्यावर सुरांचे वलय उठावे. तारेखाली सरकवलेला दोरा केसभर इकडेतिकडे झाला की आवाज मरतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पावणेदोनशे वर्षे हे काम एका गल्लीत, बापाकडून मुलाकडे चालत आले आहे. चिंचेखाली हजेरी लागते तेव्हा श्रोत्यांत असे कारागीर बसलेले असतात, आणि बेसूर लागलेली तार त्यांच्या कानांतून सुटत नाही. कलावंताला असा श्रोता मिळणे हे भाग्यच.

खाँसाहेब केवळ गवई म्हणून राहिले नाहीत. 1913 च्या सुमारास त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. मुले घरात ठेवून घ्यायची, जेवूखाऊ घालायचे, शिकवायचे, आणि जलसे करून त्या पैशावर शाळा चालवायची. सांगलीकडचे डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर 1910 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या श्रुतिप्रयोगांना खाँसाहेबांनी गळा दिला. म्हैसूर दरबारात ते गायले, कर्नाटक संगीत त्यांनी आवडीने शिकले, त्यागराजांच्या कृतीचे त्यांनी ध्वनिमुद्रणही केले. मुसलमान गवई, हिंदू पत्नी, 'आर्य' नावाची शाळा, दक्षिणेच्या कृती आणि दर्ग्यातली हजेरी, हे सगळे एका माणसात सहज नांदत होते. त्याबद्दल त्यांनी कधी भाषण केल्याचे कोणी सांगत नाही.

या घरात दुःखही होते. 1922 मध्ये ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली, आडनाव माने आणि पुढे बडोदेकर असे झाले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कृष्णराव, कमलाबाई, सरस्वती राणे. बापाचे नाव सोडूनही बापाचा सूर या मुलांनी सोडला नाही. हिराबाईंचा जन्म मिरजेतला, 1905 चा. घरंदाज बाईने चारचौघांत बसून ख्याल गाणे ज्या काळात लोकांना सोसत नव्हते, त्या काळात त्या तिकीट लावून, स्वच्छ पांढऱ्या पातळात, हातवारे न करता गायल्या आणि महाराष्ट्राने त्यांना 'गानहिरा' म्हटले. त्यांच्यामागून जितक्या मुली बैठकीत तंबोरा घेऊन बसल्या त्या सगळ्यांची वाट त्यांनी झाडून ठेवली होती.

1937 चा ऑक्टोबर. खाँसाहेब मद्रासकडे दौऱ्यावर होते. मद्रासचे गाणे आटोपून ते पाँडिचेरीला निघाले होते. अरविंदांच्या आश्रमात गायचे होते. गाडीत छातीत कळ आली. सिंगपेरुमल कोविल नावाच्या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. रात्रीची वेळ, फलाटावर वर्दळ नाही. त्यांनी अंथरूण घालायला सांगितले, प्रार्थना केली, दरबारी कानड्याच्या सुरांत परमेश्वराचे नाव घेतले आणि तिथेच डोळे मिटले. ती 27 ऑक्टोबरची रात्र. ज्याने आयुष्यभर बैठकीसाठी गाडीने प्रवास केला त्याची अखेरची बैठक एका फलाटावर झाली, आणि श्रोते होते सोबतचे शिष्य. देह मिरजेला आणला गेला आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाला.

तेव्हापासून मिरजेच्या उरुसातील गाण्याला दुसरा अर्थ आला. आधी गवई पिराला हजेरी देत होते. आता ती खाँसाहेबांनाही पोचू लागली. हिराबाई इथे वर्षानुवर्षे येऊन गायल्या. ज्या बापाचे नाव घराबाहेर राहिले त्याच्या कबरीपाशी बसून त्याच्याच घराण्याचा सूर लावायचा, याला काय म्हणावे? मला तर हा महाराष्ट्राच्या संगीतातला सर्वांत उजळ प्रसंग वाटतो. कोणताही खुलासा नाही, तक्रार नाही. फक्त गाणे.

या उरुसाची आणखी एक रीत सांगितली पाहिजे. मिरासाहेबांना पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाकडून चढतो. पीर मुसलमानांचा, पहिला मान त्या समाजाचा ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले होते, आणि रात्री गाण्याला बसणारे सगळ्या जातिधर्मांचे. तिकिटाची खिडकी नाही. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेची भांडणे नाहीत. नावाजलेला गवई आणि गावातला होतकरू पोरगा एकाच सतरंजीवर येतात. दर्ग्यात गाणाऱ्याची प्रतिष्ठा पिराच्या पायरीशी संपते, म्हणून तिथे गाणे मोकळे होते.

आता या गोष्टीचा धागा पुण्याकडे जातो.

खाँसाहेबांच्या शिष्यांत धारवाडजवळच्या कुंदगोळचा रामभाऊ नावाचा तरुण होता. त्याने गुरूची इच्छा नसताना नाटकाची वाट धरली, नाव कमावले, सवाई गंधर्व झाला, आणि नंतर गाण्याच्या शिक्षणात गुरूइतकाच मोठा ठरला. हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन शिकणाऱ्या गंगूबाई हनगल त्यांच्या शिष्या. मुंबईचे पारशी फिरोज दस्तूर त्यांचे शिष्य. आणि गदगचा एक मुलगा, भीमसेन, ज्याने लहानपणी दुकानातल्या ग्रामोफोनवर अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि असे गाणे शिकायचे म्हणून घर सोडले. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर असा भटकून तो शेवटी कुंदगोळला पोचला, गुरुघरी पाणी भरले, पडेल ते काम केले, आणि पहाटेपासून सूर लावत बसला. तबकडीतून ऐकलेला आजोबा-गुरू आणि समोर बसून शिकवणारा गुरू, दोघांचे देणे त्याच्या गळ्यात एकत्र आले.

सवाई गंधर्व 12 सप्टेंबर 1952 रोजी गेले. पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू झाला. तो भरवणाऱ्या आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या नावात 'आर्य संगीत' हे शब्द खाँसाहेबांच्या शाळेतून आले आहेत, हे उत्सवाला जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. भीमसेन, सवाईंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे आणि काही मित्र यांनी हा भार उचलला. सुरुवातीची वर्षे लहान होती. सभागृहात मावेल इतकी माणसे, रात्रभर गाणे, पहाटे भैरवी. सप्टेंबरातल्या पावसाचा जाच होऊ लागला तसा उत्सव डिसेंबरात गेला. श्रोते वाढले, सभागृह अपुरे पडले, शाळांची मैदाने घेतली. रमणबागेच्या मैदानावर हजारो माणसे डोक्याला मफलर गुंडाळून, सतरंजीवर दाटीवाटीने बसून रात्र काढू लागली. गवयांना बोलावण्यापासून हिशेबापर्यंत सगळीकडे भीमसेनांचे लक्ष असे, आणि शेवटच्या पहाटे किराण्याच्याच कोणीतरी गावे ही रीत पाळली गेली. अखेरीस सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवी ध्वनिमुद्रिकेवर लागायची. मैदानावर मग कोणी बोलत नसे. 2011 मध्ये भीमसेन गेले आणि उत्सवाच्या नावात त्यांचे नाव गुरूच्या नावाला जोडले गेले.

कुंदगोळमध्येही पुण्यतिथी होत राहिली, नाडगीरांच्या वाड्यात. खांबांच्या सोप्यात, गावकऱ्यांसमोर. गंगूबाई आणि भीमसेन पुण्याच्या हजारोंसमोर जितक्या निष्ठेने गात तितक्याच निष्ठेने या वाड्यात गात राहिले. म्हणजे एका गुरूच्या पुण्यतिथीची दोन रूपे झाली: एक मैदानाचे, एक सोप्याचे. आणि दोहोंच्याही मुळाशी मिरजेची चिंच.

मोठ्या उत्सवाने महाराष्ट्राचे कान घडवले यात शंका नाही. आमच्या मराठवाड्यातल्या माणसांनीसुद्धा पुण्यात नोकरीला किंवा शिकायला जाऊन पहिल्यांदा ख्याल ऐकला तो बहुधा त्याच मैदानावर. अंबाजोगाईला 1985 पासून होणाऱ्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात साहित्याबरोबर शास्त्रीय गाण्याला मानाची जागा मिळाली. एका नेत्याची स्मृती गाण्याने जपायची ही कल्पना ज्या महाराष्ट्रात सुचली त्याची तयारी अशा पुण्यतिथ्यांनीच करून ठेवली होती. पण मोठेपणाची किंमतही द्यावी लागली. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि रात्रभराची मैफल आखडली. हा नियम रुग्णांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी योग्यच आहे. मी त्याविरुद्ध बोलत नाही. तरी त्याने काय गेले तेही सांगितले पाहिजे. मध्यरात्रीचा मालकंस, उत्तररात्रीचा दरबारी, पहाटेचा ललत हे राग ज्या वेळेसाठी जन्मले ती वेळच मैदानातून गेली. दरबारी संध्याकाळी आठ वाजता ऐकणे म्हणजे खाँसाहेबांच्या त्या फलाटावरच्या रात्रीपासून फार दूर जाणे.

म्हणून मला लहान बैठक महत्त्वाची वाटते. तिला ध्वनिक्षेपक लागत नाही. पन्नास माणसे, दोन तंबोरे, एक पेटी, एक तबला आणि एक खोली. तिथे रात्रीला वेळेचे बंधन पडत नाही, शेजाऱ्याची झोप मोडत नाही. गवयाच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो, आणि सूर चुकला की तोही लपत नाही. पुण्याचा उत्सव मोठा झाला तो अशा शेकडो बैठकांच्या जोरावर. मैदानावर गाणारा गवई खोलीतच तयार होतो. आणि अशी बैठक कोणाच्या तरी आठवणीसाठी असली तर तिला वेगळेच वजन येते. गुरूची पुण्यतिथी, वडिलांचे श्राद्ध, एखाद्या पिराचा उरूस, एखाद्या संताची समाधी. गाणाऱ्याला तेव्हा टाळ्यांची भीती राहत नाही, कारण ज्याच्यासाठी गायचे तो टाळ्या वाजवणार नसतो.

परभणीत दर्गा आहे, गंगाखेडला जनाबाईचे मंदिर आहे, गावोगावी भजनाच्या पेट्या आहेत, आणि हार्मोनियमवर बोटे फिरवणारे, मुलांना सरगम शिकवणारे गुरुजी आहेत. त्यांनी वर्षातून एक रात्र ठरवावी. आपल्याला ज्याने पहिला 'सा' लावायला शिकवला त्याच्या नावाने. तिकीट नको, सत्कार नको, शाल-श्रीफळ नको, निवेदकाचे लांब भाषण तर नकोच. घरातली मोठी खोली मोकळी करावी, आलेल्या माणसाला चहा द्यावा, आणि गावे.

त्याआधी एकदा मिरजेला जाऊन यावे. तिथला उरूस हिजरी पंचांगाप्रमाणे येतो, त्यामुळे तारीख दरवर्षी पुढेमागे होते. ती आधी विचारून घ्यावी. गाडी आपल्याच स्थानकातून जाते आणि थेट मिरजेत उतरवते.